हुरड्यावरची फुंकर

गेल्या आठवड्यात फुलंब्रीकडच्या शेतातून वहिनींचा फोन आला. "ताई, ज्वारी चिकात आलीय. रविवारी निघाच. दाणं टणक झाल्यावर माझ्या नावानं बोटं मोडताल, ते चालायचं नाय."

फोन ठेवला आणि माझ्या घशात, डाव्या बाजूला, बारीक खवखवलं. आवंढा गिळून पाहिला. काही नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या घशाला ही सवयच लागली आहे. हुरड्याचं नाव निघालं की तो आपली हजेरी लावतो. चिंच म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, तशातलाच हा प्रकार असावा. मला त्याचं हसूही येतं आणि कुतूहलही वाटतं. घशाला आठवण असते का? आणि असली तर ती घशातच राहते की वरून कुणीतरी खाली पाठवतं?

जालना रस्त्यानं हल्ली या दिवसांत 'हुरडा पार्टी'चे फलक लागतात. तिथं हुरडा ताटलीत येतो, चमच्यानं खायचा असतो, सोबत उंटावरची रपेट आणि फोटो काढायला बैलगाडी. आमच्याकडं असलं काही नाही. पौषातली कोरडी थंडी, बांधाच्या कडेला एक खड्डा, त्यात गोवऱ्यांचा लालभडक विस्तव. तीच आमची आगटी. कोवळी कणसं त्या विस्तवात खुपसायची, भाजली की बाहेर ओढून गरम असतानाच तळहातावर चोळायची. दाणे सुटतात, पण त्यांच्यासोबत कूसही येतं, म्हणजे दाण्याभोवतीचं टोकदार, खरखरीत फोलपट. मग ओंजळ तोंडाशी नेऊन एक फुंकर मारायची. कूस उडून जातं आणि हातात हिरवेगार, वाफाळलेले दाणे राहतात. ते समोरच्याच्या पसरलेल्या हातावर ओतायचे. आमच्यात हुरडा वाढत नाहीत. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

आणि तो चोळावा तर आमच्या दादानंच. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी लग्न होऊन शहरात आले, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटले, तो मात्र शेत सोडून कुठं गेला नाही. त्याच्या तळहातांना विस्तवाचं काही वाटत नाही. पण त्याची खरी करामत फुंकरीत. जोरात मारली तर दाणे उडतात, हळू मारली तर कूस राहतं. दादा ओठांचा चंबू करून, ओंजळ जरा तिरकी धरून अशी फुंकर मारायचा की कूस सरळ माझ्या वेणीत. लहानपणी मी मुद्दाम त्याच्या समोरच बसायचे. डोळ्यात कूस गेलं की रडायचे, आणि मग तो कणसं टाकून माझं तोंड दोन्ही हातांत धरायचा, पापणी वर ओढायचा आणि डोळ्यात फुंकर मारायचा. डोळ्यातल्या फुंकरीसाठी मी कधीकधी कूस नसतानाही रडले आहे.

दोन श्रावणांपूर्वी दादाचा खोकला हटेना. औषधाच्या बाटल्या झाल्या, काढे झाले, अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. शेवटी थुंकी तपासली आणि टीबी निघाला. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, बाकी कुणाला काही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, लागूही पडल्या. दिवाळीच्या आसपास थुंकी पुन्हा तपासली तेव्हा ती स्वच्छ आली. मी सोबत होते. डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सांगितलं, "आता तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही. गोळ्या मात्र मधेच सोडायच्या नाहीत. बाकी माणसांत मिसळा, बसा, उठा. आणि हे ताट-पेला वेगळं ठेवणं, त्याची तर पहिल्यापासूनच गरज नव्हती. हा रोग ताटातून जात नाही."

दादानं आदरानं मान डोलावली आणि घरी येऊन आपला पेला परत गोठ्यातल्या खुंटीला अडकवला.

मी म्हटलं, "दादा, आत्ता डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"डॉक्टर लई चांगलाय. पण मंदे, खुरकूत झालेला बैल पाय टेकायला लागला म्हणून आपण त्याला लगेच दावणीला आणून बांधतो का? थांबतोच ना चार दिवस."

"तू काय बैल हाईस?"

"ते तुझ्या वहिनीला इचार."

वहिनी हसल्या नाहीत. पदरानं हात पुसत आत गेल्या.

भीतीची मला तशी जुनी ओळख. साथीचे दिवस सरले तरी माझ्या पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली आहेच. कारखान्याच्या दारात हजेरीचं यंत्र आहे. त्याच्या एका काचेवर झाडून सगळ्या लोकांचे अंगठे टेकतात. तिथं अंगठा लावला की मी तो दिवसभर बाकीच्या बोटांपासून लांब धरते, असं आमच्या घरी सांगितलं जातं. आमचे हे म्हणतात, "हिच्या हातावर आता जंतू पाय ठेवायला घाबरतात." म्हणू देत. सहा जणांच्या रिक्षात पाचवी आणि सहावी दोघी शिंकणाऱ्या बसल्या तर तुमचं काय होईल, ते मला तुमच्याकडूनही ऐकायचं आहे.

पण ही भीती मोठी निवडक असते, हे मला कळलं ते शहागंजात. दरवर्षी हुरड्याला निघण्याआधी मी तिथून रेवड्या आणि गोडीशेव घेते. दुकानदार चाचा माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथंच बसलेले. त्यांनी रेवड्या तोलल्या, प्लॅस्टिकची पिशवी घेतली, बोटांत चोळली, उघडेना म्हणून तोंडाशी नेऊन तिच्यात दणदणीत फुंकर मारली आणि त्या फुगलेल्या पिशवीत रेवड्या ओतल्या. जन्मभर हेच पाहत आले होते. गेल्या वर्षी मात्र, दादाचं सगळं डोक्यात असल्यानं, मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं.

"चाचा, आत फुंकलंच पाहिजे का?"

"हौ बाजी. फूंके बगैर पन्नी खुलतीच नै. वो स्पंज रखा था पानी का, सूख को पापड हो गया." मग माझ्या तोंडाकडं पाहून हसत म्हणाले, "क्या हुआ? इत्ते साल से मेरी फूंक खा रे ना तुम?"

मी हसले, पिशवी घेतली, आता घरी जाऊन या रेवड्या डब्यात काढायच्या, पिशवी टाकायची, असं ठरवत रिक्षात बसले. सिडकोपर्यंत पोचले तेव्हा अर्ध्या रेवड्या संपल्या होत्या. म्हणजे चाचांच्या फुंकरीला माझ्या जिभेची हरकत नव्हती. मग मी कशाला घाबरत होते? ज्याचा रिपोर्ट स्वच्छ आलाय अशा माणसाला? आणि ज्याचा रिपोर्ट कधी काढलाच नाही त्याच्या रेवड्या खात होते? मनाचं हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवायला हवं.

त्याच शहागंजात लहानपणी आई मला तापात घेऊन यायची. दिवेलागणीची नमाज सुटायच्या वेळी मशिदीच्या पायऱ्यांशी बायका आपापली आजारी लेकरं कडेवर घेऊन उभ्या असायच्या. बुरखेवाल्या असायच्या, नऊवारीतल्या असायच्या. नमाज पढून माणसं बाहेर पडायची आणि एकेक जण चालता चालता लेकरांसमोर वाकायचा, ओठांत काही पुटपुटायचा, तोंडावरून फुंकर मारून पुढं जायचा. कुणाच्या श्वासाला लवंगेचा वास, कुणाच्या पानाचा, कुणाचा नुसताच गरम. मी आईच्या खांद्यात तोंड खुपसायचे तर ती हनुवटीला धरून माझं तोंड परत पुढं करायची. ताप उतरायचा. घरी डॉक्टरांचं लाल औषधही चालूच असायचं, त्यामुळं श्रेय कुणाचं हे आईनं कधी ठरवलं नाही. इतक्या अनोळखी माणसांच्या श्वासापुढं पोटच्या पोरीचं तोंड धरताना तिला काय वाटत असेल, हे तिला विचारायचं राहून गेलं.

तर गेल्या वर्षीचा हुरडा.

आम्ही पोचलो तेव्हा आगटी रसरसली होती. लसणाची चटणी, गूळ, दही, पळसाची पानं, सगळं जागच्या जागी. भावकीतले सगळे जमलेले. फक्त दादा नेहमीच्या जागी नव्हता. तो आगटीच्या पलीकडं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तोंडाला उपरणं गुंडाळून बसला होता. धूर सगळा त्याच्याच डोळ्यांत जात होता.

"इकडं ये की दादा, धूर लागतोय तुला."

"मला बरा हाय हितं. तुम्ही बसा."

त्यानं कणसं चोळायला घेतली. हात तसेच, चपळ. पण दाणे सुटल्यावर ओंजळ तोंडाकडं गेली नाही. त्यानं ती बाजूला ठेवलेल्या सुपात रिकामी केली आणि सूप वहिनींकडं सरकवलं. वहिनी पाखडायला लागल्या. आता गरम, ओला, चिकट हुरडा काय सुपात पाखडला जातो? कूस दाण्यांना घट्ट धरून बसलं. वहिनींनी सूप हलवलं, आपटलं, शेवटी म्हणाल्या, "घ्या तसाच."

आणि आम्ही तसाच घेतला. कुणीही आपल्या हातावर फुंकर मारून ते कूस उडवू शकत होतं. पण मारावी कशी? दादा फुंकत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. का फुंकत नाही, तेही कळत होतं. आपण फुंकलं तर ते त्याला दाखवून दिल्यासारखं होईल, शिवाय त्यानं हात लावलेलं आपण झटकतोय असं वाटेल, म्हणून आमची सगळी भावकी भिडेपोटी कुसासकट हुरडा चावत राहिली. "यंदा गोडी लई हाय," असं चुलतभाऊ म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला ठसका आमच्या ह्यांना लागला. मग चुलतभावाला. त्याच्या बायकोनं पदर तोंडात कोंबून खोकला दाबला, त्यानं तो दुप्पट झाला. मग वहिनी. मग मी. एरवी एवढे जण एकदम खोकायला लागले असते तर हसून हसून लोळलो असतो. त्या दिवशी कुणी हसेना. जो तो तोंड फिरवून, आवाज आत ओढून खोकत होता आणि कुणीही पलीकडं पाहत नव्हतं.

मी पाहिलं. दादाचे हात थांबले होते. हातातलं अर्धं चोळलेलं कणीस त्यानं खाली ठेवलं, उपरणं नाकावर ओढलं आणि उठला.

"मोटर बघून येतो जरा," म्हणाला.

सकाळपासून लाईट नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तो विहिरीकडं चालत गेला आणि आम्ही गाडीत सामान भरेपर्यंत परतला नाही.

पुढचे चार-सहा दिवस माझ्या घशात डाव्या बाजूला काहीतरी टोचत राहिलं. गिळताना, बोलताना, नुसतं बसल्यावरही. तेव्हा मला भीतीचा अगदी जवळून अभ्यास करता आला. डॉक्टरांचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं, ते मला शब्दन् शब्द पटलं होतं, मी ते लोकांना समजावूनही सांगत होते. आणि तरी जेवणाच्या सुट्टीत, डबा समोर उघडा ठेवून, मी मोबाईलवर लक्षणं वाचत होते. वाचलेलं प्रत्येक लक्षण संध्याकाळपर्यंत मला होत होतं. भूक मंद झाली. अंग कोमट वाटायला लागलं. पटणं एका खोलीत राहतं आणि घाबरणं दुसऱ्या, आणि दोघांच्या मधलं दार कधी उघडतच नाही की काय? भावकीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारायचं, "घसा कसाय सगळ्यांचा?" उत्तरात नुसते नमस्काराचे हात यायचे. त्या रोगाचं नाव कुणी लिहीत नव्हतं. दादाही त्या ग्रुपवर होता. तो सगळं वाचत असणार, या विचारानं मला घशापेक्षा जास्त टोचायचं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेले. म्हटलं, एक्स-रे काढा, थुंकी तपासा, काय असेल ते एकदाचं सांगा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी आ करा."

बॅटरी लावली. चमच्यानं जीभ दाबली. बराच वेळ पाहिलं. मग चिमटा घेतला, मला मळमळायच्या आत झटकन काहीतरी ओढलं आणि कापसावर ठेवून माझ्यासमोर धरलं.

"काय खाल्लं होतं?"

नखापेक्षाही लहान, पिवळट, टोकदार. ज्वारीचं कूस. टॉन्सिलच्या खाचेत रुतून बसलं होतं. मी तो कापूस खिडकीशी नेऊन उजेडात उलटसुलट करून पाहिला. इतक्याशा वस्तूनं मला सहा दिवस क्षयरोगी करून ठेवलं होतं. आणि ती माझ्या घशात आली होती ती फुंकर लागली म्हणून नाही, फुंकर लागलीच नाही म्हणून. डॉक्टर हसत होते. मीही हसले आणि हसता हसता मला एकदम विहिरीकडं चालत जाणारी ती पाठ आठवली.

दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला.

"दादा, घशातून कूस निघालं."

"कशाचं?"

"ज्वारीचं. तुझ्या शेतातलं. त्यानंच टोचत होतं. सगळे खोकले तेही त्यानंच."

पलीकडं पाटातल्या पाण्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मी त्या दिवशी हिरीवर बसलो व्हतो मंदे. मला वाटलं, सगळ्यायला दिलं मी. लेकराबाळाला दिलं."

मला त्या भर रस्त्यात रडू आलं. तो इतके दिवस हे एकटाच घेऊन बसला होता. मी म्हटलं, "परत आगटी पेटव. आम्ही येतो."

"आता कुठला हुरडा. दाणा टणक झाला. पुढल्या साली बघू."

हुरड्याचं हे असंच. आठ-दहा दिवस हुकले की वर्षभर थांबा.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या गोळ्या संपल्या. सगळ्या तपासण्या होऊन डॉक्टरांनी मोकळं केलं. अंग भरलं, सदरा अंगाला बसायला लागला. पेलाही कधीतरी खुंटीवरून स्वयंपाकघरात आला. पण वहिनी फोनवर सांगायच्या, "ताई, चहासुदा फुकून पीत नाहीत आता. बशीत वतून गार व्हायची वाट बघत बसतात. चूल इझली तर मला हाक मारतात. नातवाला खरचटलं, ते तोंड पुढं करून उभं, तर ह्यांनी पुठ्ठ्यानं वारा घातला." बरा झालेला माणूस कुठल्या दिवशी बरा होतो? रिपोर्ट आला त्या दिवशी, की कुणी सांगितलं त्या दिवशी, की आणखी कधी? मी वर्षभर हे स्वतःलाच विचारत होते.

आणि परवा रविवारी आम्ही पुन्हा शेतात गेलो. रेवड्या शहागंजातल्याच, चाचांच्या फुंकरीच्या पिशवीतल्या. वाटेतच थोड्या संपवल्या.

दादा या वेळी आपल्या जुन्या जागी बसला होता, उपरणं खांद्यावर. मला हायसं वाटलं. मग त्याच्या शेजारी पाट्यावर ठेवलेली वस्तू दिसली. टेबलफॅन. विहिरीवरच्या खोलीतून लांबलचक वायर ओढून आणली होती.

"हे काय?"

"फॅन हाय. कूस उडवाया." त्याच्या आवाजात चांगलाच अभिमान होता. "औंदा कुणाच्या घशात काय जायचं नाय."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि खटका दाबला.

फॅननं फुंकर मारली. आगटीतली राख उठली, पळसाची पानं बांधापलीकडं गेली, चटणी आमच्या ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पसरली. दादानं घाईनं चोळलेली ओंजळ त्या वाऱ्यापुढं धरली, आणि कूस, दाणे, सगळं एकदम माझ्या तोंडावर आलं. उजव्या डोळ्यात सणकन काहीतरी रुतलं.

"आई गं. दादा, डोळा."

मी डोळा मिटून घेतला. तेवढ्यात दोन काळे, कढत हात माझ्या गालांवर आले. "चोळू नको. वर बघ. वर बघ म्हणलं ना." अंगठ्यानं पापणी ओढली गेली. त्याचा चेहरा इतका जवळ आला की मला त्याच्या भुवईतली राख दिसली, गुळाचा वास आला. आणि त्यानं फुंकर मारली. मग आणखी एक.

"निघालं?"

"निघालं."

मग तो थांबला. त्याचे हात माझ्या तोंडावरच होते. आपण काय केलं, ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. फॅन घरघरत होता, मग तो थांबला.

दादानं मान वळवून पाहिलं. "फॅन का बंद झाला?"

"लाईट गेली," वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोट अजून खटक्यावरच होतं.

विहिरीवर मोटर चालू होती. पाणी पाटात पडल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, दादालाही येत होता. त्यानं जरा वेळ तो ऐकला. मग आगटीतून एक कणीस ओढलं, तळहातावर चोळलं, ओंजळ तिरकी केली आणि तिच्यावर वाकला. कूस माझ्या केसांत येऊन पडलं. मी हात पुढं केला.